सातचा गजर आणि अभ्यासाचा रोजमेळ

संध्याकाळचे सात वाजतात. उसाच्या फडातून परतलेली माणसे हातपाय धुऊन नुकतीच टेकलेली असतात, गोठ्यातल्या धारा उरकलेल्या असतात, आणि घरोघरी दूरचित्रवाणीवर मालिका सुरू होण्याची हीच वेळ. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेने याच वेळी गजर वाजविण्याची रीत पाडली. गजर झाला की घरातला टीव्ही बंद व्हायचा आणि मुलांनी दप्तर उघडायचे. ‘अलार्म ऑन, टीव्ही ऑफ’ या इंग्रजी नावाने हा उपक्रम ओळखला गेला. त्यामागे होते त्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले.

माढा म्हटले की एरवी माढेश्वरीचे मंदिर, रावरंभा निंबाळकरांचा किल्ला, कुर्डुवाडीचे जंक्शन आणि उजनीचे पाणी डोळ्यांपुढे येते. ३ डिसेंबर २०२० रोजी या यादीत परितेवाडीची भर पडली. त्या दिवशी लंडनहून ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले आणि १४० हून अधिक देशांतील बारा हजारांवर नामांकनांतून डिसले यांची निवड झाली. वार्की फाउंडेशनने युनेस्कोच्या सहकार्याने दिलेल्या त्या पुरस्काराची रक्कम होती दहा लाख डॉलर. तिच्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या औदार्याची वार्ता सर्वदूर झाली आणि ते योग्यच होते. परंतु त्या कौतुकाच्या गर्दीत शाळेतील कामाचा जो भाग प्रत्येक घराला उपयोगी पडण्यासारखा आहे, तो काहीसा मागे राहिला.

डिसले २००९ मध्ये या शाळेवर रुजू झाले. पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार शाळेची खोली तेव्हा गुरांचा गोठा आणि साठवणीची जागा यांच्या मध्ये कशीबशी उभी होती, आणि मुलांची उपस्थिती नाममात्र होती. पालकांच्या घरी जाऊन मुलांना शाळेत आणावे, त्यांना संगणकावर गाणी आणि चित्रफिती दाखवाव्यात, आधी त्यांचे पाय शाळेत टिकवावेत, असा क्रम सुरू झाला. पुढे पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड आले. ते चौकोनी काळे-पांढरे चिन्ह भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यापुढे धरले की त्या पानावरची कविता ऐकू येई, धड्याची चित्रफीत दिसे, प्रश्न समोर येत. २०१७ मध्ये ही कल्पना महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली गेली. आज बालभारतीचे कोणतेही पुस्तक उघडले तर ते चिन्ह दिसते. ते पाहण्याची इतकी सवय झाली आहे की त्याकडे आता कोणी निरखून पाहतही नाही.

त्या चिन्हाने वर्गातील एक जुनी व्यवस्था मात्र उलटी केली.

वर्गात शिकविण्याची गती गुरुजींच्या हाती असते. कविता दोनदा म्हणायची की चारदा, उदाहरण फळ्यावर पुन्हा सोडवायचे की पुढे जायचे, मुलांना कळले की नाही, हे सारे तेच ठरवितात. मुलाने केवळ मागोमाग चालायचे असते. कोड असलेले पुस्तक घेऊन तेच मूल ओसरीवर एकटे बसले की ही गती त्याच्या अंगठ्याखाली येते. ते कविता दहा वेळा ऐकू शकते. एकदा ऐकून ‘आली’ असेही म्हणू शकते. अवघड भागाशी चित्रफीत थांबवून मागे नेऊ शकते, किंवा तोच भाग पुढे सरकवून टाळू शकते. त्याच अंगठ्याने दुसऱ्या क्षणी एखादा खेळही उघडता येतो. कुठे थांबायचे, पुन्हा कधी पाहायचे आणि ‘झाले’ असे कधी म्हणायचे, या तीन निर्णयांचे ओझे शिक्षकाच्या खांद्यावरून आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येते. ते पेलण्याची ताकद त्याला कोणी दिली, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या चर्चेत सहसा विचारला जात नाही.

याचे उत्तर सगळ्या महाराष्ट्राने एकाच वेळी अनुभवले. परितेवाडीला पुरस्कार मिळाला तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या. मार्च २०२० पासून प्राथमिक वर्गांतील बहुतेक मुलांनी दीड वर्षाहून अधिक काळ शाळेची पायरी पाहिली नाही. घरातला भ्रमणध्वनी हीच शाळा झाली. धडे होते, चित्रफिती होत्या, गुरुजींचे संदेशही येत होते. तरी त्या काळात घरोघरी एकच तक्रार होती, की मूल बसतच नाही. काही मुले मात्र बसत होती. त्यांत वर्गात नेहमी पहिली येणारीच सगळी होती असे नाही, हे ज्या शिक्षकांनी बारकाईने पाहिले त्यांच्या ध्यानात आले. सकाळी उठून आज काय करायचे हे ज्यांना ठरविता येत होते आणि अडले तर कोणाला विचारायचे हे ज्यांना ठाऊक होते, ती मुले तरली.

या क्षमतेला शिक्षणशास्त्रात स्वनियमन म्हणतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील शिक्षणमानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी तिचे तीन टप्पे मांडले. कामाआधीचा विचार, काम चालू असताना स्वतःवर ठेवलेले लक्ष आणि काम संपल्यावर घेतलेला मागोवा. तिसऱ्या टप्प्यात जे कळते ते दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या टप्प्यात वापरायचे, म्हणजे चक्र पुरे होते. मांडणी साधी आहे. अडचण एवढीच की पहिला आणि तिसरा टप्पा बहुतेक घरांत मुलाच्या वाट्याला येतच नाही. आधीचा विचार आई करते, मागोवा परीक्षेतील गुण घेतात, आणि मधले ‘बसणे’ तेवढे मुलाकडे राहते.

परितेवाडीचा गजर नेमका त्या मधल्या टप्प्यासाठी आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावानेही १५ ऑगस्ट २०२२ पासून असाच नेम सुरू केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि गावातील टीव्ही व भ्रमणध्वनी दीड तास बाजूला ठेवले जातात. साडेआठला दुसरा भोंगा झाला की मोकळीक. या उपक्रमाची वार्ता देशाबाहेरही गेली. अशा भोंग्याला नावे ठेवणारे म्हणतात की ही सक्तीच झाली, हिच्यात मुलाचे स्वतःचे काय? आक्षेप अगदीच खोटा नाही, पण घाईचा आहे. चार खोल्यांच्या घरात एका खोलीत मालिका चालू असताना दुसऱ्या खोलीतल्या मुलाने मनोनिग्रह दाखवावा, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची असते. भोंगा मुलासाठी वाजतो असे वाटते, परंतु बटण दाबून पडदा काळा करायचा असतो तो घरातल्या मोठ्यांनी. स्वतःला आवरण्याचा पहिला पाठ तेथे पालकच गिरवितात आणि मूल तो पाहते. या उपक्रमांचे खरे बळ बहुधा यातच आहे.

मात्र भोंगा शांतता देतो, त्या शांततेत काय करायचे हे तो सांगत नाही. मुले दप्तर उघडून बसतात आणि आईला बरे वाटते. प्रत्यक्षात पुष्कळ मुले त्या वेळात एकच काम करतात: वाचलेले पुन्हा वाचतात. मोठ्या वर्गांतील मुले वाचताना पिवळ्या रंगाच्या पेनने ओळी रंगवितात. धडा ओळखीचा वाटू लागला की तो आला असे त्यांना वाटते. ओळखीचा वाटणे आणि आठवणे यांतील अंतर किती असते, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून, कागद मिटून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारेच थोडे पुढे होते. त्यांना ८१ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७५. एका आठवड्यानंतर चित्र पालटले. लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होते, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२.

या आकड्यांत घरच्या अभ्यासाची एक मोठी फसवणूक उघडी पडते. जी पद्धत त्या क्षणी सुखाची वाटते, तीच आठवड्याने दगा देते. पुस्तक मिटून आठवणे त्रासाचे असते. काही आठवले नाही की मूल चिडते, आणि पाहणाऱ्या आईला वाटते की याला काहीच येत नाही. तेव्हा ती स्वतः धडा समजावू लागते. तिचा हेतू प्रेमाचा असतो, पण ज्या क्षणी मुलाला स्वतःच्या ज्ञानातील भोक दिसले, तोच क्षण ती झाकून टाकते.

येथे व्यापारी घरांना परकी पुस्तके धुंडाळण्याचे फारसे कारण नाही. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, बार्शी येथील कापडाच्या, किराण्याच्या, भुसाराच्या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या एक शिस्त पाळली गेली. रात्री दुकान वाढविण्यापूर्वी रोजमेळ जुळवायचा. वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड यांचा ताळा बसला पाहिजे. पाच रुपयांचा फरक आला तरी तो कुठला, हे शोधल्याशिवाय उठायचे नाही. ज्येष्ठ मंडळी सांगत की प्रश्न पाच रुपयांचा नसतो. आज न सापडलेली चूक उद्या पन्नासांची होते. धंदा बरा चालला आहे ‘असे वाटते’, या भरवशावर कोणी दुकान चालवीत नाही. अभ्यास मात्र ‘आला असे वाटते’ या भरवशावर वर्षभर चालतो आणि ताळा थेट मार्चमध्ये बसवायचा असतो.

अभ्यासाचा रोजमेळ लिहायला शंभर पानी वही पुरे. चौथीतल्या मुलीने हातच्याच्या वजाबाकीची दहा गणिते घेतली आहेत असे समजू. सोडविण्याआधी तिने एक आकडा लिहायचा, यांतील किती बरोबर येतील? ती लिहिते, नऊ. सोडवून, पुस्तकामागच्या उत्तरांशी ताडून पाहते तेव्हा सहा बरोबर आलेली असतात. शेजारी ती सहा लिहिते. आता उरलेल्या चार गणितांपुढे बसून एवढेच शोधायचे की अडले कुठे. बहुधा असे आढळते की जेथे वरच्या संख्येत शून्य होते तेथेच हातचा चुकला. ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य मुलाला कोसळवून टाकते; ‘शून्यापाशी माझा हातचा चुकतो’ हे वाक्य त्याला उद्याचे काम देते. दोन्ही वाक्ये त्याच चार चुकांतून निघतात.

या वहीतील सर्वांत मोलाचा आकडा उत्तरांचा नसतो, आधी लिहिलेल्या अंदाजाचा असतो. सुरुवातीला मुले अंदाज फार चढा लिहितात, काही भित्री मुले फार उतरता. दोन-तीन आठवडे सातत्य राहिले तर अंदाज आणि प्रत्यक्ष हळूहळू जवळ येऊ लागतात. आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे मुलाला स्वतःला कळू लागल्याची ती खूण. क्यूआर कोडवरील चित्रफीत कुठे थांबवायची, हा निर्णय मग त्याच्या हाती सोपविता येतो. वेळेचाही असाच अंदाज घ्यावा. ‘भूगोलाचा धडा वीस मिनिटांत होईल’ असे लिहून प्रत्यक्षात पन्नास लागली, की उद्याचे वेळापत्रक अधिक खरे होते. भिंतीवर चिकटविलेली रंगीत वेळापत्रके बहुधा आठवड्यात मोडतात, कारण ती कधी अशी ताडून पाहिलेली नसतात.

प्रतिक्रमण हा शब्द ज्या घरांत रोजच्या वापरातला आहे, त्यांना दिवसाच्या शेवटी मागे वळून पाहणे काय असते हे वेगळे सांगायला नको. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत एका जागी बसून चंचल मन पुन्हा पुन्हा मूळ ठिकाणी आणण्याचा सराव लहानपणापासून पाहिलेला असतो. तेथेही मन भरकटल्याबद्दल शिक्षा नसते. भरकटले हे ओळखणे आणि परत येणे, एवढेच असते. अभ्यासाला बसलेल्या मुलाचे लक्ष उडाले की घरात जो आवाज चढतो, तो चढविण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

शिक्षणातील स्वावलंबनाची परंपराही याच मातीत आहे. माढ्याच्या शेजारच्या करमाळ्यात जन्मलेल्या गुरुदेव समंतभद्र महाराजांनी १९१८ मध्ये कारंजा येथे आणि १९३४ मध्ये बाहुबली येथे गुरुकुले उभी केली. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि वसतिगृहाची कामे स्वतः वाटून घेत. पुढे हीच वृत्ती ‘कमवा आणि शिका’ या योजनेत उतरली. स्वयंपाकाची पाळी ज्याची असे त्याला उद्याच्या धान्याचा हिशोब आजच करावा लागे. चूक झाली तर पन्नास मुलांच्या पानांत ती दिसे. जबाबदारी खरी असली की नियोजन शिकवावे लागत नाही, हे त्या काळच्या शिक्षकांनी ओळखले होते. आजच्या घरांत मुलाला अभ्यासाखेरीज कोणतेही काम दिले जात नाही, आणि मग त्याला जबाबदारीची जाणीव नाही म्हणून खंत केली जाते.

या साऱ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती डावलून चालणार नाही. संयम हा मुलाच्या अंगचा गुण, तो असला तर मूल पुढे जाते, नसला तर मागे पडते, असा एक समज फार पसरला. त्याला आधार मिळाला अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी केलेल्या प्रसिद्ध प्रयोगाचा. लहान मुलांपुढे एक गोड वडी ठेवून, ‘थांबलास तर दोन मिळतील’ असे सांगण्यात आले होते, आणि जी मुले थांबली ती पुढे अभ्यासातही सरस निघाली, असे निष्कर्ष निघाले. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हाच संबंध पुन्हा तपासला गेला. तो मूळ प्रयोगाच्या निम्म्याने भरला. घरची परिस्थिती, आईचे शिक्षण अशा गोष्टी हिशोबात धरल्यावर उरलेल्यातलाही दोन-तृतीयांश भाग गळून गेला. ज्या घरात कबूल केलेली गोष्ट मिळतेच, तेथे मूल थांबायला शिकते. ज्या घरात उद्याचा भरवसा नाही, तेथे आत्ताची वडी आत्ता खाणे हाच शहाणपणा ठरतो.

माढा तालुक्याला हे फार दूरचे नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. कोपीत राहणाऱ्या मुलाची आई पहाटे फडात जाते, आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम त्या मुलाकडे येते. त्याच्या शिक्षणासाठी साखरशाळांसारखे प्रयत्न झाले, परंतु हंगामाबरोबर फिरणाऱ्या मुलाची शाळा सलग राहणे अजूनही कठीण आहे. या मुलाचे नियमन कमी पडते असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. सहा महिने तो एक अख्खे घर चालवितो. त्याला हवी असते ती बसायला जागा, हातात पुस्तक आणि रोज भेटणारे एक मोठे माणूस. ज्यांच्या घरात ही तिन्ही आहेत त्यांनी मुलाच्या चंचलतेबद्दल बोलताना हे भान ठेवावे. आणि जमल्यास आपल्या गावातील अशा एखाद्या मुलासाठी तिसऱ्या गोष्टीची सोय करावी.

सुस्थित घरांतील अडचण वेगळी आहे. तेथे देखरेख अपुरी नसते, अति असते. सकाळी उठविण्यापासून शिकवणीला सोडण्यापर्यंत सारे कोणीतरी करते. दहावीपर्यंत हे झाकून जाते, उलट गुणही भरपूर पडतात. नंतर मूल अकरावीसाठी सोलापूर, लातूर किंवा पुण्याच्या वसतिगृहात जाते. पहिल्याच महिन्यात त्याच्या लक्षात येते की येथे उठविणारे कोणी नाही, आज कोणता विषय काढावा हे सांगणारे नाही, आणि वर्ग इतक्या वेगाने पुढे जातो की मागे पडलेले भरून काढण्याची रीतही ठाऊक नाही. नव्वद टक्क्यांचे मूल पहिल्या चाचणीत चाळीसवर येते तेव्हा ते घरी फोन करून ‘बरे चालले आहे’ असे सांगते. दिवाळीला घरी येते ते गप्प होऊन. काही घरांत या शांततेचा अर्थ फार उशिरा कळतो. बुद्धी त्याची कमी झालेली नसते. ज्या गोष्टी सहावी-सातवीत किरकोळ चुका करीत शिकायच्या, त्या सोळाव्या वर्षी एकट्याने, अनोळखी गावात, मोठी किंमत देऊन शिकण्याची वेळ त्याच्यावर आलेली असते.

म्हणून सोपवणूक लवकर सुरू व्हावी आणि थोडी थोडी व्हावी. तिसरी-चौथीत दप्तर भरण्याचे काम पूर्णपणे मुलाचे. वही विसरली तर ती शाळेत नेऊन द्यायची नाही. एकदा बोलणी खाल्ली की रात्रीच दप्तर तपासण्याची सवय लागते. पाचवी-सहावीत रोजच्या अभ्यासाचा क्रम मुलाने ठरवावा, मोठ्यांनी केवळ विचारावे की आधी हाच विषय का घेतला. सातवी-आठवीत चाचणीपूर्वीच्या पंधरा दिवसांचे नियोजन त्याचे, आणि चाचणीनंतर गुणांची चर्चा करण्याआधी नियोजनाची चर्चा. एखाद्या चाचणीत गुण कमी पडतील. ते सोसण्याची तयारी पालकांची नसेल, तर बाकी सारे उपाय कागदावर राहतात.

संकल्प करताना मुलाला वेळ आणि जागा यांच्याशी तो बांधायला सांगावे. ‘रोज गणित करीन’ हा संकल्प टिकत नाही. ‘जेवण झाले, ताट उचलून ठेवले की लगेच देवघरासमोरच्या पाटावर गणिताची वही’ हा टिकतो. एका ठरलेल्या कृतीला दुसरी जोडून दिली की दर वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातील पीटर गॉलविट्झर यांनी अशा ‘जर-तर’ संकल्पांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. नियमांच्या बाबतीत आजीला तो केव्हाच ठाऊक होता. ‘सूर्यास्तानंतर जेवायचे नाही’ या नियमात कधी, कसे, किती याबद्दल रोज विचार करण्याला जागाच ठेवलेली नाही.

आणि मुलांपुढे मोठ्याने विचार करावा. दुकानात वडील मनातल्या मनात जे ठरवितात ते कधी उघड बोलून दाखवावे, की लग्नसराई आली, आधी सुरतेच्या मालाची मागणी नोंदवू, उधारी वसुली दुपारी, गेल्या वर्षी साड्या उशिरा आल्या म्हणून यंदा आठ दिवस आधी. आईने पर्युषणाच्या दिवसांतल्या स्वयंपाकाची आखणी करताना मुलीला शेजारी बसवावे. मोठी माणसे काम करताना मुलांना दिसतात. ती कशी ठरवितात, कुठे चुकतात, चूक कशी निस्तरतात, हे दिसत नाही. तेच त्यांना शिकायचे असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याने स्वतःचे आणि सहाध्यायांचे मूल्यमापन करावे अशी तरतूद आहे. ती चांगली आहे. वर्षातून दोनदा भरलेल्या रकान्याने मात्र सवय लागत नाही, ती रोजच्या वहीनेच लागते, आणि ती वही घरात सुरू करायला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

वही सुरू करताना पहिले दोन आठवडे पालकाने शेजारी बसावे. अंदाजाचा आकडा, प्रत्यक्षाचा आकडा, अडले कुठे याची एक ओळ. बोलायचे ते एवढ्यावरच. तिसऱ्या आठवड्यात दिवसाआड बसावे. त्यानंतर वही रविवारी, मुलाने आणून दाखविली तर पाहावी. सहापैकी दोन दिवस कोरे निघतील. त्या कोऱ्या पानांबद्दल काही न बोलता, ‘या आठवड्यात तुझा अंदाज कोणत्या दिवशी सर्वांत जवळ आला?’ एवढेच विचारावे, आणि उत्तर देण्यासाठी त्याला स्वतः पाने उलटू द्यावीत.